वेंधळ्या मांजराचे मागचे पाय: खेळता खेळता तोल कसा शिकवायचा

‘मांजराच्या पावलांनी येणं’ असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे जे मांजर असतं ते आमच्या घरी कधी राहिलंच नाही. आमचा गुंड्या एका खोलीत शिरला की दुसऱ्या खोलीत कळायचं. टेबलावर उडी मारली की पुढचे पंजे वर, पोट कडेवर आणि मागचा निम्मा बोका हवेत लोंबकळत. मग नख्यांची करकर आणि धप्प. खिडकीच्या कट्ट्यावर वळताना मागचा एक पाय हमखास बाहेर. पडल्यावर तो लगेच पंजा चाटायला बसायचा, जणू पडायचं आधीच ठरलं होतं.

सुरुवातीचे काही महिने आम्ही हसण्यात घालवले. मग एकदा मोबाइलवरचे त्याच्या पडण्याचे व्हिडिओ हळू गतीने पाहिले आणि चूक दिसली. पुढचे पाय जिथे पडायला हवेत तिथेच पडत होते. डोळे, मिशा आणि पुढचे पंजे यांचं छान जुळत होतं. मागचा भाग मात्र नुसता ओढला जात होता. आपल्याला मागेही दोन पाय आहेत आणि तेही कुठेतरी ठेवावे लागतात, हे त्याच्या खिजगणतीत नव्हतं.

नंतर ओळखीतली आणखी काही धांदरट मांजरं पाहिली, त्यांचंही बरंचसं हेच निघालं. म्हणून खाली सांगितलेल्या खेळांचा सगळा भर मागच्या पायांवर आणि सावकाश हालचालीवर आहे. वेगात मांजर चुका लपवतं. हळू चालायला लागलं की प्रत्येक पाऊल टाकावं लागतं.

आधी बघा: वेंधळेपणा आहे की दुखणं

लहानपणापासून धांदरट असलेलं मांजर वेगळं आणि गेल्या आठवड्यापासून अडखळायला लागलेलं वेगळं. दुसऱ्याला खेळवत बसू नका, व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या.

काही खुणा अगदी स्पष्ट असतात. मान एकीकडे कलली आहे, मांजर त्याच बाजूला झुकतं किंवा गोल फिरतं, बुबुळं एका लयीत इकडून तिकडे सरकत राहतात: हा बहुधा कानाच्या आतल्या भागाचा किंवा मेंदूतल्या तोलाच्या केंद्राचा बिघाड असतो. कानातला जुना संसर्ग हे त्याचं एक नेहमीचं कारण. मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून, सशासारखं बसकं चालणारं मांजर दिसलं तर रक्तातली साखर तपासून घ्या, मधुमेहात मागच्या पायांच्या नसा अशा दुबळ्या होतात. मान खाली लोंबते आणि वर उचलता येत नाही, असं असेल तर शरीरात पोटॅशियम किंवा थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व, कमी पडलेलं असू शकतं. नुसत्या कच्च्या माशांवर ठेवलेल्या मांजरांत थायमिनची कमतरता होते, कारण काही माशांमध्ये ते जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्यच असतं. म्हातारं मांजर अचानक भिंतींना धडकू लागलं आणि उजेडातही बाहुल्या मोठ्याच राहिल्या, तर रक्तदाब वाढून दृष्टी गेलेली असू शकते.

दोन प्रसंगांत मात्र एक मिनिटही थांबू नका. मागचे पाय एकाएकी लुळे पडले, हाताला गार लागले आणि मांजर वेदनेने ओरडत असेल तर मुख्य रक्तवाहिनीत गुठळी अडकलेली असण्याची शक्यता मोठी आहे. दुसरा प्रसंग माणसाच्या चुकीतून येतो. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला लावलं की थरथर, तोल जाणं आणि झटके सुरू होतात. ‘थोडंसंच लावलं’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

पिल्लू चालायला लागल्यापासूनच डुलत, पाय फाकून चालत असेल आणि खाण्याकडे तोंड नेताना डोकं जास्तच थरथरत असेल, तर त्याच्या लहान मेंदूची, म्हणजे मेंदूतल्या हालचाल बेतणाऱ्या भागाची वाढ अपुरी राहिलेली असू शकते. आई गाभण असताना तिला पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूची लागण झाली की असं होतं. ही स्थिती बरी होत नाही, पण वाढतही नाही. त्यातून वेदना होत नाहीत आणि अशी मांजरं सहसा पूर्ण आयुष्य जगतात. त्यांच्यासाठी काय करायचं ते पुढे सांगते.

उरतात सांधे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले होते. त्यांपैकी ९० मांजरांत सांध्यांच्या झिजेच्या खुणा दिसल्या. मांजर लंगडून दाखवत नाही. ते उडी मारण्याआधी विचार करायला लागतं, एका उडीऐवजी दोन टप्पे घेतं, वरून उतरताना पुढचे पाय भिंतीवर घसरवत खाली येतं. आपण म्हणतो, ‘आता सुस्त झालंय.’ सुस्त नसतं, दुखत असतं.

व्हेटकडे जाताना व्हिडिओ घेऊन जा. तपासणीच्या टेबलावर मांजर दगडासारखं बसतं आणि घरी दिसलेलं काहीच तिथे दिसत नाही. घरात सरळ चालताना, वळताना, चढताना आणि उतरताना असे चार छोटे तुकडे पुरतात. हेच व्हिडिओ नंतर प्रगती मोजायलाही लागतील, पुसू नका.

तोल येतो कुठून

मांजराचा तोल चार-पाच ठिकाणांहून येणाऱ्या बातम्यांवर चालतो. कानाच्या आतला भाग डोकं कुठे कललं ते सांगतो. डोळे अंतर सांगतात. पंज्यांच्या गाद्या पृष्ठभाग सांगतात. स्नायू आणि सांधे कुठला पाय कुठे आहे ते कळवतात. लहान मेंदू हे सगळं एकत्र करून हालचाल बेतशीर ठेवतो.

मिशांचं काम थोडं वेगळं. मांजराला साधारण २५ ते ३० सेंटिमीटरपेक्षा जवळचं धूसर दिसतं, म्हणून शिकार तोंडाजवळ आली की मिशा पुढे येतात आणि उरलेलं काम त्या करतात. ही गोष्ट खेळणं हातात घेताना विसरू नका: नाकासमोर नाचवलेलं पीस मांजराला नीट दिसतच नाही. ते हुकलं तर दोष आपला. आणि मिशा कधीही कापू नका, गंमत म्हणूनही.

शेपूट उलट वजनासारखी वापरली जाते. अरुंद फळीवरून चालताना फळी अचानक सरकली तर मांजर शेपूट विरुद्ध बाजूला फेकतं. शेपूट गमावलेली मांजरंही चालतात, फक्त अशा ऐनवेळच्या सावरण्यात त्यांना अडचण येते. त्यांची फळी थोडी रुंद ठेवा.

आता चार पायांवर पडण्याविषयी. एत्येन-जूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये पडणाऱ्या मांजराची एकामागून एक छायाचित्रं घेऊन दाखवलं, की मांजर हवेत शरीराचा पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा फिरवून सरळ होतं. हे कौशल्य पिल्लात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतं आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास पक्कं होतं. पण त्याला वेळ लागतो, म्हणजे उंची लागते. खुर्चीइतक्या उंचीवरून उलटं पडलेल्या मांजराला वळायला पुरेसा वेळ मिळेलच असं नाही, आणि फार उंचीवरून पाय खाली आले तरी हाडं मोडायची ती मोडतात. तेव्हा ‘सवय व्हावी’ म्हणून मांजर वरून सोडून बघण्याचा उद्योग कुणी करत असेल तर त्याला थांबवा. त्यातून मांजर एकच गोष्ट शिकतं, या माणसाच्या हातात जायचं नाही.

खेळाआधी तीन कामं

पहिलं काम फरशीचं. गुळगुळीत फरशीवर पळणाऱ्या मांजराचे पाय जागच्या जागी फिरतात, वळताना मागचा भाग घसरतो आणि ते भिंतीवर आदळतं. यात मांजराची काही चूक नाही. जिथे खेळवणार तिथे न सरकणारा गालिचा, रबरी चटई किंवा योगा मॅट अंथरा. उडी मारून जिथे उतरतं तिथेही एक तुकडा हवाच. गुंड्याचं निम्मं वेंधळेपण दोन मॅटनी गेलं, हे कबूल करायला मला जरा लाज वाटते.

दुसरं काम पंज्यांचं. फार वाढलेल्या नख्या गालिच्यात अडकतात, म्हाताऱ्या मांजरांत तर वळून गादीत घुसतात. नुसतं टोक कापा. आतला गुलाबी भाग कापला की रक्त येतं आणि पुढच्या वेळी मांजर पंजा देत नाही. अगदी बोथटही करू नका, पकड घ्यायला नख्या लागतात. लांब केसांच्या मांजरांत गाद्यांच्या मधले केस वाढून पायमोजे घातल्यासारखं होतं. ते केस बोथट टोकाच्या कात्रीने हलकेच कमी केले की घसरणं थांबतं.

तिसरं वजन. बरगड्यांवरून हात फिरवा. पातळ थराखाली त्या बोटांना लागायला हव्यात. वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी. जाड मांजराला उडी जड जातेच, शिवाय पोट मधे आल्याने स्वतःचे मागचे पायही चाटता येत नाहीत. वजन व्हेटच्या सल्ल्याने आणि सावकाश उतरवा. एकदम उपाशी ठेवलेल्या जाड मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. खेळात दिलेली ट्रीट, म्हणजे बक्षिसाचा छोटा खाऊ, दिवसभराच्या खाण्यातून वजा करा. एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त ट्रीटमधून जाऊ नयेत.

पहिली पायरी: जमिनीवर शिकार

काठी, दोरी आणि टोकाला पिसं किंवा कापडाचा तुकडा, एवढं सामान पुरतं. रंग निवडायचाच असेल तर निळा किंवा पिवळा घ्या. लाल रंग मांजराला फिका, मातकट दिसतो. रंगापेक्षा हालचाल महत्त्वाची.

बहुतेक माणसं इथेच चुकतात. पिसं हवेत गरागरा फिरवतात, मांजर मागच्या दोन पायांवर उभं राहून पुढचे पंजे मारतं, कोलमडतं, आणि सगळे म्हणतात काय गोड. वेंधळ्या मांजराला हवेतली शिकार पहिले दोन आठवडे देऊच नका. खेळणं जमिनीला टेकलेलंच राहू द्या.

ते मांजरापासून साधारण एक-दीड मीटरवर ठेवा. थोडं हलवा, थांबा. पुन्हा थोडं हलवा. शिकार कधी मांजराच्या अंगावर चालून येत नाही, ती दूर पळते किंवा आडवी जाते. खुर्चीच्या पायामागे अर्धी लपवा, फक्त टोक बाहेर ठेवून थरथरवा. मांजर दबा धरेल, पुढचा भाग खाली घेईल आणि ढुंगण डावी-उजवीकडे हलवू लागेल. याच क्षणी खेळणं पूर्ण थांबवा. आपण उत्साहाच्या भरात ते ओढतो आणि मांजर अर्धवट तयारीने झेपावतं. ते ढुंगण हलवणं म्हणजे मागच्या पायांना जागा शोधणं आहे असं मला वाटतं. ते पुरं होऊ द्या. झेप घेतली की तिसऱ्या-चौथ्या वेळी शिकार नक्की हाती लागू द्या, आणि लागली की काही सेकंद चावू द्या, मागच्या पायांनी झोडपू द्या. त्यासाठी मांजराच्या लांबीचं, आत कापूस भरलेलं लांबट खेळणं फार उपयोगी पडतं. पुढच्या पायांनी धरून मागच्या पायांनी मारणं हा त्या पायांचा उत्तम व्यायाम आहे, आणि करवून घ्यायला काही कष्ट पडत नाहीत.

हे जमलं की वळणं सुरू करा. खेळणं मोठ्या इंग्रजी आठाच्या आकारात, हळू ओढा. आधी वळणं रुंद ठेवा, मग आकसत आणा. बहुतेक मांजरांची एक बाजू कच्ची असते. गुंड्या डावीकडे सुंदर वळायचा आणि उजवीकडे वळताना दिवाणाला धडकायचा. कच्च्या बाजूला दोन फेऱ्या जास्त द्या, पण शेवट सोप्या बाजूने करा.

एका वेळी पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. मांजर स्वभावाने छोट्या छोट्या शिकारी करणारा प्राणी आहे, तासभर पळणं त्याच्या कामाचं नाही. पहाटे आणि संध्याकाळी त्याला आपोआप हुरूप येतो. जेवणाच्या आधी खेळवा, म्हणजे शिकार झाली, खाल्लं, अंग चाटलं आणि झोपलं हा त्याचा क्रम पुरा होतो. तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर खेळ तिथेच संपवा. वारंवार तसं होत असेल तर हृदय आणि फुप्फुसं तपासून घ्या.

दुसरी पायरी: मागच्या पायांची ओळख

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि लोक नेमका हाच भाग कंटाळून सोडतात, कारण बघायला यात काही थरारक नाही.

चार-पाच टॉवेल घट्ट गुंडाळून फळीसारखे आडवे ठेवा. दोन टॉवेलांमधलं अंतर मांजराच्या खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीइतकं, उंची सुरुवातीला तीन-चार सेंटिमीटर. काठ्या वापरल्या तर त्या गडगडतात आणि मांजर घाबरतं, टॉवेल बरे. आता ट्रीट बोटांत धरून नाकाच्या पातळीवर, मांजराच्या चालण्याच्या गतीने पुढे न्या. हात वर गेला की मान वर जाते आणि पाय दिसेनासे होतात. हात जोरात नेला की मांजर सगळे टॉवेल एका उडीत पार करतं आणि धडा फुकट. एकेक पाय उचलून टाकला पाहिजे.

पहिल्या दिवशी मागचे पाय टॉवेलला ठेचकाळतील. काही बोलू नका, ओढू नका, थांबा. मांजर स्वतः थबकेल आणि एक वेळ अशी येते की मागचा पंजा टॉवेलच्या वर हवेतच थांबतो, मग सावकाश पलीकडे टेकतो. मला तो क्षण पाचव्या दिवशी दिसला. निरोगी मांजर चालताना मागचा पंजा जवळजवळ पुढच्या पंज्याच्याच ठशावर टाकतं, म्हणून त्याचा आवाज येत नाही. आपण त्याच सवयीला जागं करतो आहोत.

तीन-चार फेऱ्या पुरे. सहज जमायला लागलं की अंतर थोडं कमी-जास्त करा, म्हणजे पाठांतर न होता पाहून पाऊल टाकावं लागेल. उंची मांजराच्या पुढच्या मनगटापर्यंतच, त्यावर नको.

याच्या जोडीला ‘दोन पाय वर’ हा खेळ. एक जाड, न सरकणारं पुस्तक किंवा उलटा ठेवलेला मजबूत, उथळ डबा घ्या. ट्रीट दाखवून पुढचे दोन पंजे त्यावर ठेववा आणि लगेच ट्रीट द्या. हे चार-सहा वेळा पक्कं झालं की ट्रीटचा हात हळूच बाजूला न्या. पुढचे पाय पुस्तकावर राहिले तर मागच्या पायांना पुस्तकाभोवती आडवं सरकावंच लागतं. पहिल्यांदा एकच आडवं पाऊल पडेल. त्याच पावलाला ट्रीट. पुढे मांजर घड्याळाच्या काट्यासारखं पुस्तकाभोवती फिरायला लागतं, आधी एका दिशेने, मग दुसऱ्या. मांजराला शिकवता येत नाही म्हणणाऱ्यांना हे जरूर दाखवा.

ट्रीटमध्ये रस नसलेलं मांजरही असतं. त्याच्यासाठी पिसांची काठी तशीच, पण अगदी संथ वापरा. तेही नको असेल तर टॉवेल त्याच्या जेवणाच्या वाटेवर ठेवा.

तिसरा प्रकार मऊ, हलणाऱ्या जमिनीचा. गादीवर किंवा एका ओळीत मांडलेल्या उशांवर जमिनीवरचाच शिकारीचा खेळ खेळा. पाय थोडा रुततो, घोटा सावरावा लागतो, पोटाचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागतात. गादीवरून खाली पडायची भीती असेल तर गादीच खाली घ्या.

तिसरी पायरी: फळी

साधारण २० ते २५ सेंटिमीटर रुंद आणि एक-दीड मीटर लांब फळी घ्या, तिच्यावर मॅटचा तुकडा चिकटवा आणि फळी थेट जमिनीवर ठेवा. हो, जमिनीवर. मांजर तिच्यावरून सरळ चाललं की टोकाला ट्रीट. बाजूला उतरलं तर रागावायचं नाही, पुन्हा सुरुवातीपासून.

मग दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीची पुस्तकं ठेवून पाच सेंटिमीटर, काही दिवसांनी दहा, मग पंधरा. फळी किंचितही डुगडुगता कामा नये. एकदा फळी कलंडली की ते मांजर महिनाभर तिच्याकडे बघणार नाही, हे मी अनुभवाने सांगते आहे. उंची वाढवली त्या दिवशी दुसरं काही वाढवू नका: ना वेग, ना अंतर. मध्यावर ट्रीट ठेवून थांबायला लावणं ही चांगली वाढीव अवघड गोष्ट, कारण चालताना तोल सांभाळणं सोपं, थांबून मान खाली घालताना अवघड. त्यानंतर जागच्या जागी वळून परत येणं. रुंदी १५ सेंटिमीटरपर्यंत नंतर आणता येते, पण जाड किंवा म्हाताऱ्या मांजरासाठी त्याची गरज नाही.

मांजराला धरून फळीवर चालवू नका. धरलं की ते आपल्या हातावर भार टाकतं आणि तोल आपण सांभाळतो.

चौथी पायरी: उडी, आणि तिच्याहून अवघड उतरणं

उडीची ताकद मागच्या पायांतून येते आणि उतरतानाचा भार आधी पुढच्या पायांवर पडतो. म्हणून चढणं जमलं तरी उतरणं जमेलच असं नाही, दोन्ही स्वतंत्र शिकवा.

चढण्यासाठी मांजराच्या पोटाइतक्या उंचीचं, जड आणि ऐसपैस काहीतरी घ्या. वरची जागा मोकळी हवी. कपबश्यांच्या मधे उतरणाऱ्या मांजराला वेंधळं म्हणण्याआधी टेबल आवरा. खेळणं कडेवर नाही, आत मधोमध दाखवा, म्हणजे मांजर चारही पाय आत येतील असा अंदाज घेतं. गुंड्याचं टेबलावरचं लोंबकळणं मुख्यतः याने थांबलं: मी नेहमी कडेवरच हाक मारत होते, तो कडेपुरतीच उडी मारत होता. उडीआधी मांजर मान वर-खाली करून अंतर जोखतं. त्याला तेवढा वेळ द्या, हाका मारून घाई करू नका.

उतरायला मधे एक पायरी ठेवा आणि ट्रीट पायरीच्या पुढे, थोडी दूर टाका. अगदी बुडाशी टाकली तर मांजर सरळ खाली डोकं घालून कोसळल्यासारखं उतरतं. दूर टाकली तर तिरक्या रेषेत, हलकं उतरतं. उंची दर आठवड्याला हातभराने वाढवायची घाई नको. सलग तीन दिवस एकही चूक झाली नाही तर वीतभर वाढवा. सलग दोनदा हुकलं तर मागच्या उंचीवर या.

हा सराव सुरू असताना खिडक्या आणि गॅलरीला जाळी हवीच. आत्मविश्वास वाढलेलं मांजर आधी नवी उंची शोधतं.

पंजा आणि डोळा

याचं फार कौतुक नाही, पण रोज दोन मिनिटं बरं असतं. उथळ, मोठ्या खोक्यात पिंगपाँगचा चेंडू टाका. खोक्याच्या भिंती चेंडू परत आणतात आणि मांजराला त्याची दिशा जोखावी लागते. पुठ्ठ्याच्या खोक्याला पंजा सहज जाईल अशी भोकं पाडून आत कोरडं खाणं ठेवा. मांजर मग एका पंजाने ओढायला शिकतं, आणि त्या वेळी उरलेल्या तीन पायांवर उभं राहायला. खरा फायदा त्या तीन पायांचा आहे.

कुठे गाडी अडते

चार दिवसांनी मांजर खेळण्याकडे ढुंकून बघत नाही, ही सगळ्यात नेहमीची तक्रार. खेळणं बदला. त्याच खेळण्याची मांजराला सवय होऊन शिकारीची ओढ कमी होते आणि थोडं वेगळं खेळणं आलं की परत येते, हे प्रयोगांतही दिसलं आहे. तीन-चार खेळणी आलटून पालटून कपाटात ठेवा.

लेझरचा ठिपका मी वापरत नाही. मांजर मान खाली घालून बेभान पळतं, कुठे आदळेल याचं भान राहत नाही आणि शेवटी हाती काही लागत नाही. वेंधळ्या मांजराला याच्या नेमकं उलट हवं असतं.

दोरीचं खेळणं खेळ संपला की कपाटात. गिळलेली दोरी आतड्यांत ताणली जाऊन आतडी चिरू शकते. दोरी तोंडातून किंवा मागून बाहेर आलेली दिसली तर ओढू नका, तशीच व्हेटकडे न्या.

हाताची बोटं शिकार म्हणून वापरू नका, बाकी काही नाही तरी स्वतःसाठी. आणि मांजर पडल्यावर मोठ्याने हसणं टाळा. त्याला अपमान कळतो की नाही यावर आमच्या घरात अजून वाद आहे, पण अचानक झालेल्या मोठ्या आवाजाने ते दचकतं आणि ती जागा टाळू लागतं, एवढं नक्की.

म्हातारी आणि डुलणारी मांजरं

सांधे दुखणाऱ्या मांजराला आधी वेदना कमी करणारं औषध, मग खेळ, आणि औषध व्हेटनेच ठरवलेलं. माणसांचं पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं असतं, अर्धी गोळीसुद्धा. अशा मांजराला उड्या अजिबात नकोत. दोन-तीन मिनिटांचा जमिनीवरचा खेळ, अगदी बुटके टॉवेल आणि आवडत्या जागेपर्यंत रुंद पायऱ्या किंवा मॅट लावलेला उतार.

लहान मेंदू अपुरा असलेल्या मांजराची थरथर खेळाने जात नाही, पण स्नायू बळकट होतात आणि पडताना सावरण्याच्या युक्त्या त्याला सापडतात. त्याच्या वाटेवर सगळीकडे गालिचा अंथरा. खाण्याचं भांडं जड आणि थोडं उंचावर ठेवा. लिटर बॉक्सला टेकायला उंच भिंती हव्यात, आत जायला मात्र एक बाजू बुटकी. अशी अनेक मांजरं उडीपेक्षा नख्या रोवून चढणं पसंत करतात, म्हणून गालिचा लावलेला उतार त्यांना फळीपेक्षा चांगला. शिकार फार हळू पळू द्या आणि दर वेळी पकडू द्या. पडलं तर लगेच उचलायला धावू नका, आधी स्वतः उठतं का पाहा. बहुतेक वेळा उठतं.

फरक मोजायचा कसा

रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही. दर दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच उंचीवरून, त्याच वेळी व्हिडिओ घ्या आणि तीनच गोष्टी मोजा: टॉवेल ओलांडण्याच्या दहा वेळांपैकी मागचे पाय कितीदा लागले, दहा उड्यांपैकी किती नीट पडल्या, उडीआधी मांजर किती वेळ थांबलं. पहिल्या महिन्यात सहसा तिसरा आकडा वाढतो आणि माणूस निराश होतो. काळजी नको, मांजर आता विचार करायला लागलं आहे. पुढच्या महिन्यात तो कमी होतो. याउलट, सुधारत आलेले आकडे दोन व्हिडिओंमध्ये सलग घसरले तर खेळ थांबवून ते दोन्ही व्हिडिओ व्हेटला दाखवा.

गुंड्याचे आकडे सांगायचे तर टॉवेल सुरुवातीला दहापैकी आठ लागायचे, तीन महिन्यांनी एक. खिडकीच्या कट्ट्यावर वळताना मागचा पाय अजूनही कधीतरी बाहेर जातो, म्हणून तिथे एक फळी ठोकून कट्टाच रुंद करून टाकला.